पौर्णिमेची ड्यूटी

वैशाख पौर्णिमेला रजा मागायची नाही, हा आमच्या खात्यातला न लिहिलेला नियम. घरात लग्न असो की तेरवी, वनमजुरापासून वरच्या साहेबापर्यंत सगळ्यांनी त्या रात्री रानात असायचं. मी मेळघाटात वनरक्षक म्हणून लागलो आणि वनपाल म्हणून निवृत्त झालो. सेमाडोह, हरिसाल, कोलकास, पुढे अकोटकडचा भाग, अशा बदल्या होत राहिल्या. पौर्णिमा मात्र कुठल्याच ठिकाणी चुकली नाही. सुरुवातीला आम्ही मचाणावर बसायचो ते जनावरं मोजायला. शेवटच्या काही वर्षांत बसायचो ते माणसांना सांभाळायला. दोन्ही कामं केली, आणि दुसरं जास्त अवघड, हे आधीच सांगून टाकतो.

ज्यांनी मेळघाट पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं. परतवाड्याहून धारणीचा रस्ता धरला की घाट लागतो आणि कापसाची शेतं, संत्र्याचे बगीचे मागे पडतात. अमरावती जिल्ह्याचं उत्तरेचं टोक, सातपुड्यातली गाविलगडची रांग. १९७३ साली देशात व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हा निवडलेल्या पहिल्या नऊ जंगलांत महाराष्ट्रातलं हे एकटं. गाभा क्षेत्र दीड हजार चौरस किलोमीटर, बफर धरून २,७६८. खंडू, खापरा, सिपना, गडगा आणि डोलार या पाच नद्या इथल्या डोंगरांतून वाहत जाऊन शेवटी तापीला मिळतात. पावसाळ्यात या नद्या रपटे बुडवून गावांचा रस्ता तोडतात, आणि मे महिन्यात त्यांच्याच पात्रातून आमची मोटारसायकल कोरडी जायची.

पौर्णिमेचं सगळं गणित या कोरड्या पात्रावर उभं आहे. मे महिन्यात पाणी वर्षातलं सगळ्यांत कमी आणि पौर्णिमेला उजेड रात्रींतला सगळ्यांत जास्त. पाणी थोड्याच जागी उरलेलं असलं की जनावराला तिथे यावंच लागतं. मग पाण्याकाठच्या झाडावर माणूस बसवायचा, कागद द्यायचा आणि जे येईल ते लिहून घ्यायचं. कल्पना इतकी सोपी की कुणालाही पटावी.

पण त्या एका रात्रीसाठी रान महिनाभर आधीपासून कामाला लागतं, ते बाहेरच्यांना दिसत नाही. खरं तर त्याच्याही आधीपासून. फेब्रुवारीच्या मध्याला आगीचा हंगाम सुरू होतो, त्याआधी जाळरेषा साफ करून जाळून घ्यायच्या. सागाची पानगळ इतकी दाट की एक ठिणगी एका दुपारीत अख्खा डोंगर खाते. मोहाच्या दिवसांत तर डोळ्यांत तेल घालून बसावं लागतं, कारण फुलं वेचायला सोपी जावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवायची सवय जुनी आहे. एप्रिल लागला की प्रत्येक बीटमधल्या, म्हणजे एकेका वनरक्षकाच्या हद्दीतल्या, पाणवठ्यांची यादी निघायची. नैसर्गिक किती, बांधलेले किती, कुठला डोह कधी आटेल, कुठे टँकर जाऊ शकतो, कुठे मजुरांनी खांद्यावरून पाणी न्यायचं. अलीकडे बोअरवेलवर सौरपंप बसले, तेव्हापासून हे काम पुष्कळ हलकं झालं. तरी पंपाची पाइप रानगवा तुडवतो, अस्वल उकरतं. म्हणजे माणूस तिथे जायला हवाच.

आणि पाणी आहे एवढ्यावर भागत नाही. उन्हाळ्यात शिकारी पाणवठ्यात युरिया किंवा कीटकनाशक टाकतात. त्यामुळे सकाळच्या गस्तीत पाणवठा म्हणजे नुसता बघून पुढे जायचा विषय नाही. काठाला बेडूक जिवंत आहेत का, पाण्यावर मधमाश्या आणि पाकोळ्या बसतायत का, मेलेलं पाखरू किंवा मासा कुठे तरंगतोय का, वास कसा आहे, काठच्या चिखलात जनावराच्या खुराशेजारी चपलेचा ठसा आहे का. हे मला कुठल्या प्रशिक्षणात शिकवलं नाही. माझ्या पहिल्या बीटमध्ये एक कोरकू वनमजूर होते, वयाने माझ्या वडिलांएवढे. ते मला ‘नाकेदार’ म्हणायचे, मी त्यांना दादा म्हणायचो. त्यांनी शिकवलं. पाणवठ्याशी आले की ते आधी बसायचे, विडी न पेटवता, पाचेक मिनिटं नुसते बसायचे. मग उठून म्हणायचे, “पानी अच्छा है.” त्यानंतर मी माझ्या डायरीत लिहायचो.

मचाण बांधण्यातही त्यांचाच शब्द अखेरचा. वारा रात्री कुठून वाहतो ते धरून झाड निवडायचं, म्हणजे आपला वास पाण्याकडे जाणार नाही. चंद्र आपल्या पाठीशी यावा, तोंडावर नको. मचाण आठवडाभर आधी बांधून ठेवायचं, जनावराला नवी वस्तू ओळखीची व्हावी म्हणून. आता बऱ्याच जागी लोखंडी मचाणं आहेत. पक्की आहेत, पण रात्री अंग वळवलं की करकरतात. बांबूचं मचाणही वाजतं, पण ते झाडासारखं वाजतं.

कागदावर रकाने असायचे: प्राणी, नर, मादी, पिल्लू, वेळ, कुठून आला, कुठे गेला. हा शेवटचा रकाना भरताना फार मजा यायची. रात्री दीड वाजता ढगाआडच्या चांदण्यात एक काळा गोळा येतो, पाणी पितो आणि जातो. अस्वल म्हणावं तर लहान, सायाळ म्हणावं तर मोठं. नर की मादी? कुठे गेला? झाडीत गेला, आणखी कुठे जाणार. रानगव्यांचा कळप आला तर पिल्लं आयांच्या पोटाखालून इकडून तिकडे जातात, तुम्ही मोजेपर्यंत कळप फिरलेला असतो. दोन पाणवठ्यांमध्ये अंतर कोसभर असेल तर तोच सांबर दोन्ही कागदांवर चढणार. आणि पौर्णिमेच्या दोन दिवस आधी अवकाळी पाऊस पडला, की दगडादगडाच्या खळगीत पाणी साचतं, मग आमच्या पाणवठ्यावर यायची गरजच कुणाला? त्या वर्षी बेरीज खाली यायची आणि कुठेतरी बातमी यायची की मेळघाटात प्राणी घटले.

वाघ मात्र या कागदावर सोडलेले नव्हते. त्यांच्यासाठी पंज्यांची मोजणी वेगळी व्हायची. मातीच्या रस्त्यावर डाव्या मागच्या पंज्याचा ठसा शोधायचा, त्यावर काच धरून आकृती काढायची, कागदावर उतरवायची, जमलं तर प्लास्टरचा साचा घ्यायचा. ही रीत ओडिशातले वनाधिकारी सरोज राज चौधरी यांनी १९६०च्या दशकात बसवली आणि देशभर जवळजवळ चाळीस वर्षं चालली. चिखलातला ठसा पसरट येतो, धुळीतला बारीक, चढावर लांबट. हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. २००५ साली राजस्थानातल्या सरिस्कामध्ये एकही वाघ उरला नाही हे उघड झालं, तेव्हा हे माहीत असणं सगळ्या देशाच्या वाट्याला आलं. पुढच्या वर्षी राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरण आलं आणि मोजणीची पद्धतच बदलली. आता बीटमध्ये मांसभक्षींच्या खुणा शोधत पाच-पाच किलोमीटर चालायचं, दोन किलोमीटरच्या सरळ रेषेवर तृणभक्षी मोजायचे, आणि वाघांसाठी रस्त्याच्या दोन बाजूंना जोडीने कॅमेरे. पट्टे प्रत्येक वाघाचे वेगळे, शिवाय एकाच वाघाच्या दोन कुशींचेही सारखे नसतात, म्हणून कॅमेरे दोन. ही मोजणी खरी. तिच्यापुढे पौर्णिमेचा कागद टिकणारा नव्हता.

मग पौर्णिमा बंद करायची का, असा प्रश्न आला असणार. ती बंद झाली नाही. पूर्वी हौशी निसर्गप्रेमी, कॉलेजची पोरं मदतीला यायची; आता लोक आधी नोंदणी करून, शुल्क भरून येऊ लागले. त्याला ‘निसर्गानुभव’ असं नाव मिळालं. एक मचाण, एक-दोन पाहुणे, सोबत आमचा एक माणूस. दुपारी गाडीने सोडायचं, चार-पाचच्या सुमारास वर चढवायचं, दुसऱ्या दिवशी सकाळी उतरवायचं.

काही सहकारी याला नाकं मुरडायचे. मला तसं वाटलं नाही. सरकारी जंगल शेवटी लोकांचंच आहे, आणि गाडीत बसून धावत जंगल बघण्यापेक्षा एका जागी चौदा तास बसणं कितीतरी बरं. गाडीला पेट्रोल लागतं, बसायला फक्त बूड लागतं.

सूचना आम्ही द्यायचो: मळक्या रंगाचे कपडे, अत्तर नाही, तंबाखू-सिगरेट नाही, टॉर्च अगदीच गरज पडली तर, खायला वास न येणारं. यातली शेवटची सूचना वऱ्हाडी माणसाला कधीच समजली नाही. एका वर्षी कोलकासकडच्या मचाणावर माझ्यासोबत शहरातून आलेले एक गृहस्थ होते. डब्यात ठेचा आणि भाकर. वास नाल्याच्या पलीकडे गेला असेल. नऊच्या सुमारास अस्वल आलं, थेट मचाणाखाली. पाहुण्यांनी बघायला म्हणून मान पुढे केली आणि मांडीवरचा स्टीलचा डबा गेला. झाकण वेगळं, डबा वेगळा, दगडांवर आपटत नाल्यात. अस्वल ज्या आवाजात ओरडलं तो मी नोकरीत पुन्हा ऐकला नाही. गृहस्थांनी माझा दंड इतका घट्ट धरला की सकाळी चार बोटं उमटलेली होती. त्यानंतर पहाटेपर्यंत काही आलं नाही. तरी उतरल्यावर सगळ्यांत जास्त बोलत होते तेच, आणि त्यांच्या गोष्टीत डबा नव्हता.

बहुतेक पाहुण्यांची रात्र ठरावीक जाते. आठपर्यंत उत्साह. नऊ-साडेनऊला पहिला रातवा टकटक करायला लागतो तेव्हा कुजबुज: हा कसला आवाज? अकरानंतर झोप. घोरणाऱ्याचं काय करायचं, याचं उत्तर मला शेवटपर्यंत सापडलं नाही. उठवलं तर तो दचकून बोलतो, न उठवलं तर घोरतो. जनावराला दोन्ही सारखंच. जे जागे राहतात त्यांना एक-दीडनंतर रान लागतं. पाचोळ्यात पावलं येतात, थांबतात, परत जातात. पावलं कुणाची हे ओळखायला वेळ लागतो. सागाच्या वाळल्या पानांवर घोरपडही वाघासारखी चालते. भेकर भुंकलं, सांबर ‘ढँक’ करून ओरडलं, माकड खाकरलं, की समजायचं वाघ किंवा बिबट फिरतोय. बहुतेक वेळा एवढंच समजतं. तो दिसत नाही.

ताडोबात वाघ दिसतो, इथे का नाही, हा प्रश्न मला मचाणावर, फाटकावर, परतवाड्याच्या चहाच्या टपरीवर असंख्य वेळा विचारला गेला. उत्तर साधं आहे. ताडोबा बऱ्यापैकी सपाट, तलाव असलेलं आणि खाद्य भरपूर असलेलं. मेळघाटात डोंगर आणि खोल दऱ्या, वाघ कमी जागेत दाटीने नाहीत, रस्ते कमी आणि वाघाला रस्त्यावर यायचं कारण त्याहून कमी. मला स्वतःला वाघ पौर्णिमेपेक्षा एरवीच जास्त दिसला: गस्तीवर, सकाळी, पाठमोरा. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने गाभा क्षेत्रातलं पर्यटन काही महिने थांबवलं होतं, नंतर नियम घालून परवानगी दिली. गाभ्याच्या वीस टक्क्यांहून जास्त भागात पर्यटन नको, असा त्यातला एक नियम. आमच्याकडे त्याने फार काही बिघडलं नाही. गाड्यांची रांग लागावी असा वाघच आमच्याकडे नव्हता. हे दुर्दैव म्हणून सांगत नाही. दुसऱ्या अभयारण्यात वाघीण आणि बछड्यांना दोन्ही बाजूंनी जिप्सी लावून अडवल्याचे व्हिडिओ सगळ्यांनी पाहिले आहेत. तिचा उन्हाळा कसा जात असेल ते मला कळतं.

वाघापायी लोक रानपिंगळ्याकडे मान वर करून बघत नाहीत, याचं मला जास्त वाईट वाटतं. घुबडाच्या जातीचा हा छोटा पक्षी १८८४ नंतर कुणाला सापडला नव्हता, संपला असंच धरलेलं होतं. १९९७च्या नोव्हेंबरमध्ये पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सोबत्यांना तो शहाद्याजवळ सातपुड्यात पुन्हा दिसला, मग मेळघाटातही दिसला. दिवसाढवळ्या सागाच्या फांदीवर उघडा बसतो. गाइडने बोट दाखवलं की पाहुणे म्हणतात, हो का, आणि पुढे चला.

गाइड आणि मजूर हे इथल्याच गावांतले, बहुतेक कोरकू, काही गवळी. त्यांच्याबद्दल एक रात्र सांगायला हवी. २००० नंतरच्या वर्षांत गाभ्यातली बोरी, कोहा, कुंड ही गावं उठली, नंतर आणखी उठली. २००८ पासून पुनर्वसनासाठी कुटुंबामागे दहा लाख रुपये ठरले, २०२१ला ते पंधरा लाख झाले. उठलेल्या गावांच्या जागी आता कुरणं आहेत. सांबर आणि रानगवे तिथे उघड्यावर चरताना दिसतात, हे मी डोळ्यांनी पाहिलं, ते खोटं नाही. अशाच एका कुरणाकाठच्या मचाणावर माझ्यासोबत दोन पाहुणे आणि एक तरुण मजूर होता. संध्याकाळी पाहुण्यांनी विचारलं, हा झरा नैसर्गिक की तुम्ही बांधलेला? पोरगा म्हणाला, “नैसर्गिकच. माय याचं पाणी भरायची. तो मोह दिसतो ना, त्याच्या अलीकडे आमचं घर.” मोह होता, अलीकडे गवत होतं. पाहुणे थोडा वेळ गप्प बसले. मग त्यांच्यातल्या एकाने विचारलं, “मग आता तुम्हाला इथे ड्यूटी मागून घेता येते का?” पोरगा हसला. म्हणाला, “साहेबांना सांगितलं तर देतात.” त्या रात्री सांबरं आली, रानडुकरं आली, पहाटे एक बिबट येऊन गेला. प्रत्येक जनावर कुठून येणार हे तो आधी सांगत होता, कारण त्या वाटा त्याच्या गुरांच्या होत्या.

त्याला पुनर्वसन चांगलं की वाईट, असं मी कधी विचारलं नाही. त्याची आई खालच्या नव्या गावात असते, दवाखाना जवळ आहे, शेताला पाणी आहे की नाही ते वर्षावर्षावर. दोन्ही बाजूंनी ठाम बोलणारे लोक मला भेटले. जे स्वतः उठून गेले ते क्वचितच ठाम बोलतात.

आणखी एक गर्दी आमच्या वाट्याला यायची, तिची नोंदणी नसते. अकोटच्या बाजूला, जंगलाच्या आत धारगडला महादेवाचं स्थान आहे. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी तिथे यात्रा भरते. एरवी पावसाळ्यात पर्यटनाची फाटकं बंद, पण त्या दिवसापुरती वाट मोकळी. ‘हर बोला महादेव’ करत, भिजत, चिखल तुडवत माणसं रात्रभर चालत राहतात. प्लास्टिक वेचता वेचता आमची कंबर मोडायची, गाड्या अडकायच्या, पोलीस आणि आम्ही दोघेही घसा बसेपर्यंत ओरडायचो. पण त्या हजारोंमध्ये एकाने तरी मला वाघ का दिसला नाही म्हणून हटकलं असेल तर शपथ. रान त्यांच्या लेखी देवाच्या वाटेवरचं होतं, ते ओलांडून जायचं होतं. पौर्णिमेच्या पाहुण्यांना मी हे सांगायचो, काहींना आवडायचं नाही.

आता मुद्द्यावर येतो. पौर्णिमेच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत चौकट येते: मेळघाटात इतके वाघ, इतके बिबट, इतकी अस्वलं, इतके रानगवे दिसले. शेजारी मागच्या वर्षीचे आकडे. खातं स्वतः सांगतं की ही गणना नव्हे, तरी चौकट येते. कागद कसा भरला जातो हे वर सांगितलंच आहे. घोरणाऱ्या माणसाच्या मचाणावरचा शून्य आणि जाग्या माणसाच्या मचाणावरचा बारा यांची बेरीज करून जंगल वाढलं की घटलं ते कळत नाही.

त्या रात्रीचा एकच आकडा असा आहे ज्यावर मी सही करायला कधी कचरलो नाही. आपल्या बीटमध्ये पाणवठे किती, आणि पौर्णिमेच्या दिवशी त्यांतल्या कितींमध्ये पिण्याजोगं पाणी होतं. तो आकडा काढायला माणूस प्रत्येक पाणवठ्यापर्यंत चालत गेलेला असतो, काठाशी बसलेला असतो, बेडूक जिवंत आहेत हे त्याने पाहिलेलं असतं. पौर्णिमा आहे म्हणूनच तो त्या आठवड्यात तिथे हमखास जातो. ती चालू राहावी असं मला वाटतं ते एवढ्यासाठी.

वार्ताहर मित्रांना विनंती आहे. चौकट छापायचीच असेल तर वाघांच्या वरती ही एक ओळ छापा: पाणवठे इतके, पाणी असलेले इतके. माहिती बीटच्या रजिस्टरमध्ये असते, मागितली की मिळते.